पायथ्याला पोटभर, माथ्यावर अर्धपोटी

इलेक्ट्रिक गाडी घेतली की पहिले सहा महिने जग तुम्हाला एकच प्रश्न विचारतं. सोसायटीचा वॉचमन विचारतो, ऑफिसातला टीम लीड विचारतो. लग्नात भेटलेले लांबचे काका तर हातात जिलेबी धरून विचारतात, 'पण मध्येच चार्जिंग संपलं तर?'

आमच्या बाबांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. 'उतारावर कुठल्या गियरमध्ये घेतेस?'

मी फिस्सकन हसले. 'बाबा, हिला गियरच नाहीत!'

बाबा हसले नाहीत. ३१ वर्षं एसटीचं स्टिअरिंग हातात धरलेला माणूस. 'मग घाट कसा उतरतेस?' म्हणाले. 'ब्रेक आहेत की!' असं म्हणून मी विषय संपवला.

तो संपला नव्हता, हे मला पुढे आंबेनळी घाटात कळलं.

शिमगा आणि एक्सेल शीट

झालं असं की, आमची आत्या हर्णैच्या अलीकडे एका वाडीत राहते. शिमग्याला तिथे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. बाबांचं लहानपण त्याच अंगणात गेलं. पण एसटीत लागल्यापासून त्यांनी घरी आलेली पालखी पाहिलीच नाही. कारण शिमगा आणि गणपती म्हणजे कोकणात जादा गाड्या, आणि जादा गाड्या म्हणजे ड्रायव्हरची रजा रद्द! हजारो चाकरमान्यांना पालखीला नेऊन सोडणारा हा माणूस स्वतः मात्र डेपोत झोपायचा. रिटायर झाले तर कोविड आला, कोविड सरला तर अँजिओप्लास्टी. या मार्चमध्ये डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आणि आत्याचा फोन आला, 'काय गो, यंदा तरी बापसाला घेऊन येशील ना?'

आता मी पडले आयटीवाली. शब्द दिला की आधी एक्सेल शीट उघडते. पुणे ते महाबळेश्वर १२० किलोमीटर, मुक्काम. दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड, दापोली, हर्णै... साधारण १३० किलोमीटर. आंबेनळीनं जायचं ही बाबांची एकमेव अट होती. नोकरीतली शेवटची काही वर्षं त्यांनी याच घाटात काढली होती.

माझी गाडी ४० युनिटची. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावर असतं तेच, एक किलोवॉट अवर. हायवेला एका युनिटला सात किलोमीटर धरायचे. म्हणजे फुल चार्जवर २८० किलोमीटर. रोज १२०-१३० किलोमीटर म्हणजे किस झाड की पत्ती! शीट सेव्ह केली आणि झोपले.

इथेच माझी पहिली चूक झाली. डोंगरात किलोमीटर मोजायचे नसतात, उंची मोजायची असते.

अकरावीचं फिजिक्स आठवतंय? तेच ते 'एमजीएच'. माणसं-सामानासकट पावणेदोन टनांची गाडी १०० मीटर वर उचलायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. ही वीज अंतराची नव्हे, निव्वळ चढाची. पुणं साधारण ५६० मीटरवर आणि महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. म्हणजे ८०० मीटर चढ, चार युनिट जादा. त्यात खंबाटकी चढा, उतरा, मग वाईपुढचा पसरणी घाट. शीट म्हणत होती १७ युनिट, प्रत्यक्षात २२ गेली. निघताना १०० टक्के, पोचताना ४५!

बाबा रस्ताभर शेजारी बसून टक्क्यांकडे बघत होते. पाचगणीला म्हणाले, 'आमची गाडी चढावर ओरडायची तरी. ही मुकाट्यानं खाते.'

'थांबव गाडी'

तरी मला टेन्शन नव्हतं. हॉटेल बुक करतानाच विचारून घेतलं होतं, 'पार्किंगजवळ १५ अँपिअरचा पॉइंट आहे का? अर्थिंग आहे का?' तुम्हीही हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. 'चार्जिंग आहे का?' असं विचारलंत तर लोक हो म्हणतात आणि मोबाइलचा प्लग दाखवतात. 'गीझरला असतो तसला मोठा पॉइंट' असं सांगितलं की सगळ्यांना कळतं. त्या पॉइंटवर तासाला तीनेक युनिट जातात. म्हणजे संध्याकाळी लावायची, रात्रभर आपण झोपायचं, तिनं जेवायचं. रोड ट्रिपमधलं सगळ्यात स्वस्त आणि बिनकटकटीचं चार्जिंग हेच.

सकाळी साडेआठला निघालो. स्क्रीनवर १०० टक्के. मी एकदम खूश. आई मागच्या सीटवर पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली.

आणि घाट सुरू झाला.

इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्यांना ठाऊक असेल, आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप मंदावते. मोटर उलटी राबते, जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत टाकते. याला म्हणतात रिजन. शहरात त्याची इतकी सवय होते की ब्रेकला पाय लावायची वेळच कमी येते. त्या दिवशी मी पाय काढला... आणि काहीच झालं नाही. गाडी तशीच घरंगळत राहिली. पुन्हा काढला, तेच. वळण आलं, ब्रेक दाबला. पुढचं वळण, पुन्हा ब्रेक. स्क्रीनवर एक बारीक सूचना आली होती की रिजन मर्यादित आहे. पण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना बारीक सूचना वाचतं कोण?

बाबा बोलायचे थांबले होते. या घाटात ते नेहमीच गप्प होतात, असं आई सांगते. २०१८च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस इथेच दरीत कोसळली होती. त्या बातमीनंतर बाबा दोन दिवस जेवले नव्हते.

प्रतापगडाचा फाटा यायच्या आधी हलकासा जळका वास आला. मला वाटलं, बाहेर कुणी पाचोळा पेटवलाय.

'थांबव गाडी,' बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. पण तो माझ्या बाबांचा आवाज नव्हता, तो ड्रायव्हरचा आवाज होता.

मी रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. चाकांजवळ गेले तर धग जाणवत होती. सांगून टाकते, ब्रेक फेल वगैरे काही झालं नाही. पण आई-बाबा गाडीत आणि पुढे अर्ध्याहून जास्त घाट शिल्लक. माझे हात थंड पडले होते.

बाबांनी शांतपणे विचारलं, 'रात्री किती भरलीस?'

'फुल.'

'आणि उताराची वीज परत येते म्हणालीस, ती कुठे ठेवणार?'

मी गप्प.

'भरलेल्या गाडीत स्टॉपवरचा पॅसेंजर कुठून घेणार गं?'

बास. कंपनीच्या जाडजूड मॅन्युअलमधलं एक पान त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत येणारी वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते. मग बहुतेक गाड्या रिजन कमी करतात किंवा बंदच ठेवतात. आणि रिजन बंद म्हणजे न्यूट्रलमध्ये घाट उतरण्यासारखंच! साधे ब्रेक एकटे राबतात, तापतात. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'ब्रेक आहेत की' हे नव्हतंच. उत्तर होतं रिजन. एसटीत नियम असायचा, ज्या गियरमध्ये घाट चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. माझ्या गाडीला धरून ठेवणारा हात मी आदल्या रात्री स्वतःच्या हातानं बांधून ठेवला होता. आठ तास प्लग लावून!

वीस-पंचवीस मिनिटं थांबलो. मग बाबांनी शिकवलं तसं उतरले. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचा, वेग मोडायचा, सोडायचा. सरळ रस्ता दिसला म्हणून गाडी सोडायची नाही. मध्ये आणखी एकदा थांबून चहा घेतला. पोलादपूरला पोचलो तेव्हा स्क्रीनवर ९८ टक्के. ४० किलोमीटर जवळपास फुकटात! रात्री ८५ टक्क्यांवर प्लग काढला असता तर घाटानं वर दोनेक युनिट बक्षीस दिली असती आणि माझा जीवही भांड्यात राहिला असता.

वाडीत पोचलो तर ढोल ऐकू येत होते. गाडी नीट लावायच्या आधीच बाबा दार उघडून निघाले. मी डबा घेऊन अंगणात गेले, तेव्हा पालखी आमच्या दारात नाचत होती. बाबांना खांदा देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांनी फक्त दांड्याला हात लावला आणि लावून ठेवला. आत्या म्हणाली, 'आला एकदाचा!' मी लांबूनच बघत राहिले. फोटो काढायचा राहून गेला.

महाडची रांग

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. छे! इलेक्ट्रिक गाडीची खरी परीक्षा कोकणात जाताना नसते, परत येताना असते. जाताना सह्याद्री तुम्हाला खाली सोडतो. येताना त्याची वसुली करतो.

माझा हिशोब होता की आत्याकडे दोन रात्री गाडी चार्ज होईल. पॉइंट होता, पण अर्थिंग नव्हतं. जुन्या घरांत बऱ्याचदा नसतं. चार्जरनं लाल दिवा दाखवला आणि ढिम्म हलला नाही. (त्याच्यावर चिडू नका. तो तुमचा जीव वाचवत असतो. आणि लांबच्या खोलीतून बारीक वायरचं एक्स्टेन्शन ओढायचा जुगाड तर मुळीच करू नका, वायर तापते.) त्यात दोन दिवस पाहुणे, मासळी बाजार, दापोली... अशा फेऱ्या. निघताना उरले ५५ टक्के, म्हणजे २२ युनिट.

आता नव्या पद्धतीनं हिशोब मांडला. हर्णै ते पोलादपूर १३ युनिट. पोलादपूर ते महाबळेश्वर ४० किलोमीटर, सपाटीला सहा युनिट लागली असती. पण १३०० मीटर चढ, म्हणजे अजून साडेसहा! एकूण पंचवीसच्या वर. आपल्याकडे २२. म्हणजे वाटेत फास्ट चार्जर लागणारच होता. खेडजवळ एक हेरून ठेवला होता. पोचलो तर त्याची स्क्रीन काळी. हेल्पलाइनवाला म्हणाला, 'मॅडम, कम्प्लेंट रजिस्टर झाली आहे.' कम्प्लेंटवर गाडी चालत नाही हो!

महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन असावं, असं केंद्र सरकारच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलंय. छान आहे. पण आपण प्लॅनिंग करताना नकाशावरचा चार्जर मोजायचा नाही, चालू असलेला मोजायचा. प्लगशेअरसारख्या ॲपवर शेवटचं चार्जिंग कुणी, कधी केलं ते लोक लिहून ठेवतात. आदल्या दिवशीची नोंद असेल तर भरवसा. दोन महिन्यांपूर्वीची असेल तर रामभरोसे. आणि प्रत्येक चार्जरमागे एक दुसरा चार्जर ठरवलेला हवा. पहिला बंद निघाला तरी दुसऱ्यापर्यंत पोचून १५ टक्के उरले पाहिजेत. माझा दुसरा होता महाडला. पोचले तेव्हा उरले होते बरोब्बर १६.

आणि माझ्यापुढे तीन गाड्या!

सगळे मुंबई-ठाण्याला परतणारे चाकरमानी. एक जण ९२ टक्क्यांवर होता, पण प्लग काढायला तयार नाही. शंभर करूनच जाणार म्हणे. इथे एक गोष्ट समजून घ्या. ३० किलोवॉटच्या चार्जरवर तासाला २५-२८ युनिट मिळतात, पण ऐंशी टक्क्यांपर्यंतच. त्यानंतर बॅटरी स्वतःच वेग कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांना इतका वेळ जातो की तेवढ्यात मागच्याची निम्मी गाडी भरली असती.

मी भांडायच्या तयारीत होते. पण बाबा पुढे झाले. खिशातून डायरी काढली, चारही गाड्यांचे नंबर ओळीनं लिहिले, प्रत्येकाला विचारलं, कुठे जायचंय, मध्ये घाट आहे का, किती लागेल. अगदी स्टँडवरच्या कंट्रोलरसारखं! शंभरवाल्याला म्हणाले, 'साहेब, ठाण्यापर्यंत तुम्हाला मोठा घाट नाही. ऐंशीवर सुटता आलं असतं. या पोरीला घाट चढायचाय.' तो बिचारा ओशाळला, प्लग काढला, आणि आईनं दिलेली पुरणपोळी खाऊन गेला.

माझा नंबर यायला पावणेदोन तास लागले. तेवढ्यात बाबांनी माझी शीट मोबाइलवर मागून घेतली. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'महाडला आलोच आहोत. आता परत मागे जाऊन १३०० मीटर कशाला चढायचं? माणगाववरून ताम्हिणीनं जाऊ. चढ निम्मा.'

मी पाहिलं. ताम्हिणी साधारण ६०० मीटर. महाड ते पुणे त्या वाटेनं साधारण १३५ किलोमीटर, १९ युनिट. चढाची तीन. एकूण २२. ऐंशी टक्के भरली तर दहा युनिट शिल्लक घेऊन घरी. घाटही निवडता येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गूगलबाबानं जवळचा रस्ता दाखवला असता. आमच्या बाबांनी कमी चढाचा दाखवला.

तर मंडळी, माझी शीट आता बदलली आहे. तुम्हीही तुमची बदला. अंतराच्या शेजारी उंचीचा एक कॉलम टाका आणि दर १०० मीटर चढाला अर्धा युनिट जादा धरा. चार्जिंग घाटाच्या पायथ्याशी पोटभर करा, माथ्यावर मात्र थोडी भूक शिल्लक ठेवा. घाट उतरायचा असेल तर ८५ टक्क्यांवर प्लग काढा. प्रत्येक चार्जरला एक जोडीदार ठेवा. आणि सणाच्या रांगेत ऐंशी झाले की निघा, मागे कुणाचा तरी घाट शिल्लक असतो. गणपतीला जाणार असाल तर आणखी एक. पावसात दरडींमुळे घाट बंद होतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा आणि दुसऱ्या घाटाचा हिशोबही मांडून ठेवा.

ताम्हिणीच्या पायथ्याशी, विळ्याच्या पुढे, मी गाडी थांबवली आणि चावी बाबांपुढे धरली. 'चालवता का? थोडं?'

त्यांनी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे हो. सीट पुढे घेतली, आरसे लावले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. घाटभर एक शब्द बोलले नाहीत. वर पोचल्यावर मुळशीच्या अलीकडे एक छोटासा उतार लागला. त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. गाडी अलगद मंदावली आणि स्क्रीनवर हिरवी रेघ उमटली.

'हां,' बाबा म्हणाले. 'आहे की हिला गियर.'